अडलेलें चाक

चाक फिरत असतें तोंवर त्याजकडे कोणी पाहत नाहीं. तें अडलें म्हणजे मात्र भोंवतीं माणसें जमतात आणि बहुतेकांच्या तोंडून एकच उपाय निघतो : "जोर लावा." महाभारतांत कर्णाच्या रथाचें चाक ऐन युद्धांत भूमीनें ग्रासलें, तेव्हां तो महारथीही खालीं उतरून दोन्ही हातांनीं तें उचलूं लागला. त्यास शाप कारण होता ही गोष्ट निराळी; पण त्याच्या बाहुबळाविषयीं कोणास शंका नव्हती, आणि तरीही चाक निघालें नाहीं. अडलेली वस्तु कशानें धरून ठेविली आहे हें न पाहतां लाविलेलें बळ बहुधा व्यर्थ जातें. कधीं कधीं तें लावणाराच्याच अंगावर उलटतें. गंजून बसलेलीं मालमोटारीचीं चाकें आणि त्यांचे ब्रेक सोडविण्याचें काम नुकतेंच आम्हीं तीन दिवस जवळून पाहिलें. पांढरपेशा घरांत ह्या विषयाची चर्चा सहसा होत नाहीं. म्हणूनच ह्या महिन्यांत तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटलें.

मुंबईच्या उपनगरांस हा विषय मुळींच परका नाहीं. शीवहून निघून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप आणि मुलुंड ह्या गांवांतून ठाण्याकडे जाणारा जो मार्ग आज लालबहादूर शास्त्री यांच्या नांवानें ओळखला जातो, तोच जुन्या पिढीचा आग्रा रोड. मालाची वाहतूक ह्या रस्त्यानें कित्येक दशकें चालली. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर सुरू होऊन मुंबईची जकात बंद झाली, तोंवर मुलुंडच्या नाक्यावर मालमोटारींच्या रांगा लागत. जेथें मोटारी थांबतात तेथें त्या दुरुस्त करणारेही वस्ती करितात, आणि त्यामुळें ह्या रस्त्याच्या कडेनें मिस्त्री लोकांचीं दुकानें मांडलीं गेलीं. कुर्ल्यास तर शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचा कारखानाच होता, व तेथें अमेरिकेंतील क्राइस्लर कंपनीच्या डॉज आणि फार्गो ह्या जातींच्या मालमोटारी जुळविल्या जात.

ह्याच पट्ट्याच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. मुलुंड, भांडुप, कांजूर ह्या गांवांच्या खाडीकडील अंगास मिठागरें होतीं. तेथें पूर्वीं मीठ पिकवीत. म्हणजे खारें पाणी आणि खारी हवा शेजारीं कायमची. त्यांत भर पावसाची : सांताक्रूझच्या वेधशाळेंत चार महिन्यांचा पाऊस सरासरीनें सव्वादोन हजार मिलिमीटरांच्या आसपास मोजला जातो. अशा ठिकाणीं उघड्यावर उभें राहिलेलें लोखंड फार दिवस लोखंड राहत नाहीं.

लोखंड, पाणी आणि हवेंतील प्राणवायु हीं तीन एकत्र आलीं कीं गंज उत्पन्न होतो, हें शाळेंतील मुलासही ठाऊक असतें. पाण्यांत मीठ असलें तर तें काम अधिक त्वरेनें होतें. परंतु गंजाचा जो गुण आमच्या विषयाचा प्राण आहे, त्याजकडे पुष्कळांचें लक्ष गेलेलें नसतें. तो गुण असा कीं, गंज हा ज्या लोखंडापासून झाला त्याहून दुप्पट किंवा त्याहूनही अधिक जागा व्यापतो. गंज म्हणजे लोखंडाचा केवळ क्षय नव्हे; ती एक प्रकारची सूजही आहे. उपनगरांतील जुन्या इमारतींत राहणाऱ्या वाचकांनीं ह्याचा प्रत्यय घरींच घेतलेला असेल. सज्जाच्या किंवा न्हाणीघराच्या छताचा गिलावा एके दिवशीं फुगतो, मग पोपडा खालीं पडतो आणि आंत तांबूस झालेली सळई दिसूं लागते. तेथें सळई कुजून छत पडलेलें नसतें. सळई सुजून तिनें कांक्रीट फोडलेलें असतें. जी सूज कांक्रीट फोडते, तीच दोन लोखंडी भागांमधल्या केसाएवढ्या फटींत शिरली म्हणजे ते दोन्ही भाग एकमेकांस पाचर मारल्यासारखे घट्ट धरितात. गंजलेलें चाक निघत नाहीं तें ह्या पाचरीमुळें.

आतां घडलेली हकीकत सांगतों. मुलुंडास आमच्या सोसायटीच्या बाजूच्या गल्लींत एका कंत्राटदाराची मालमोटार दोन पावसाळे उभी होती. इमारतीचें काम संपलें, कंत्राटदार निघून गेला, मोटार तेथेंच राहिली. तिच्या हौद्यांत पाणी सांचूं लागलें, डांस झाले, आणि डेंग्यूच्या भीतीनें सभासदांनीं अर्जांवर अर्ज केले. अखेरीस मालकाचा शोध लागून त्यानें ती मोटार मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रास देण्याचें कबूल केलें. २०२१ च्या नियमांपासून अशीं केंद्रें निघालीं आहेत. पण गल्ली अरुंद, वर झाडांच्या फांद्या आणि विजेच्या तारा. क्रेन आंत येईना. मोटार हमरस्त्यापर्यंत ओढीत न्यावी, तर तिचें एकही चाक फिरेना. दुसरी मालमोटार आणून दोर लाविला, तेव्हां दोर तुटला आणि चाकें रस्त्यावर फरफटून डांबराला चरे पडले. मग कोणी तरी भांडुपच्या एका मिस्त्रींचें नांव सांगितलें. मजुरीचा अर्धा भाग मालकानें व अर्धा सोसायटीनें द्यावा असें ठरलें.

मिस्त्री मूळचे सातारा जिल्ह्यांतले. वय साठीच्या घरांतलें. बरोबर त्यांचा भाचा, वय एकोणीस, दहावींत दोनदां अडलेला. आल्याबरोबर मिस्त्रींनीं काय केलें असेल ? न फिरणाऱ्या मोटारीच्या चाकांपुढें आणि मागें जाड लाकडी ठोकळे ठेविले. आम्हीं नवलानें विचारलें, "मिस्त्री, जी जागची हलत नाहीं तिला ठोकळे कशाला ?" ते म्हणाले, "मास्तर, आत्तां हलत नाहीं. आम्ही सोडवायलाच आलों ना ? सुटल्यावर कुणाच्या अंगावर जाईल हें ती विचारणार नाहीं." ज्याला आपल्या कामाच्या परिणामाची खात्री आहे, तोच असा आधीं बंदोबस्त करितो.

नंतर त्यांनीं चाकें कशानें अडलीं आहेत ह्याचा तपास केला. हवेवर चालणाऱ्या ब्रेकांविषयीं सुशिक्षितांतही एक गैरसमज आहे : हवा भरली म्हणजे ब्रेक लागतो, आणि हवा गेली म्हणजे तो सुटतो. चालत्या गाडींत पायानें दाबावयाच्या ब्रेकापुरतें तें खरें. परंतु गाडी उभी करितांना जो ब्रेक लागतो त्याची रचना बरोबर उलट असते. मागच्या चाकांजवळ एका डब्यांत दणकट स्प्रिंग दाबून बसविलेली असते. हवा त्या स्प्रिंगेस मागें रेटून धरिते. हवा गेली कीं स्प्रिंग मोकळी होऊन ब्रेक आवळते. गाडीची हवा वाटेंत गळाली तर ती उतारावरून पळत न सुटतां आपोआप थांबावी, असा ह्यांतील हेतु आहे. म्हणून जी मालमोटार दोन वर्षें हवेवांचून उभी राहिली तिचा ब्रेक दोन वर्षें आवळलेलाच होता, आणि त्या आवळलेल्या स्थितींत ड्रम व त्याला टेकलेले ब्रेकचे शू यांच्यामध्यें गंज चढला होता.

ह्या डब्याच्या मागें एक लांब बोल्ट बसवून स्प्रिंग हातानें मागें खेंचून बांधून ठेवितां येते. मिस्त्रींनीं प्रथम तें केलें. भाचा उत्साही, तो डब्याचा पट्टाच खोलावयास निघाला होता. त्याचा हात मिस्त्रींनीं धरला. त्या स्प्रिंगेंत शेंकडों किलोंचें बळ कोंडलेलें असतें, आणि पट्टा सुटला तर झांकण तोफेच्या गोळ्यासारखें सुटतें. हा डबा उघडूं नये, नादुरुस्त झाला तर सबंध बदलावा, असा ह्या धंद्यांतील दंडक आहे. स्प्रिंग बांधून झाल्यावर ब्रेकचें आवळण ढिलें केलें, ड्रमवर हातोड्यानें भोंवतालून ठोके दिले, आणि पुढचीं दोन चाकें त्याच सायंकाळीं मोकळीं झालीं. मागचीं मात्र सुटलीं नाहींत. तीं उघडणें भाग होतें.

मागच्या चाकांचे नट पाहतांच आमच्या सभासदांचा उत्साह मावळला. नट कुठें संपतो आणि स्टड कुठें सुरू होतो हें कळूं नये अशी अवस्था. मिस्त्रींनीं तारेच्या ब्रशानें प्रत्येक स्टडचे उघडे आटे घासून स्वच्छ केले, फटींत पातळ तेल सोडलें, प्रत्येक नटाच्या माथ्यावर हलके हलके ठोके दिले, आणि सामान आवरून घरीं जावयास निघाले ! दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां तेल, पुन्हां ठोके, आणि दुपारपर्यंत विश्रांति. सोसायटीच्या गच्चीवरून पाहणाऱ्या कित्येकांस हा शुद्ध आळस वाटला. पण त्यांतील तत्त्व असें आहे कीं, सूक्ष्म फटींतून पातळ तेल आपणहून आंत ओढलें जातें. दिव्याच्या वातींतून जसें तेल वर चढतें तसेंच. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ कोणाच्या घाईनें कमी होत नाहीं. ठोक्यांनीं गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. म्हणजे मिस्त्री घरीं निजले होते तेव्हां काम चालूच होतें.

नट सोडवितांना आणखी एक विचार करावा लागतो. उजवीकडे फिरविलें म्हणजे आवळतें, डावीकडे फिरविलें म्हणजे सुटतें, हा आट्यांचा सामान्य नियम. पण जुन्या मालमोटारींपैकीं पुष्कळांत डाव्या बाजूच्या चाकांस उलटे आटे असत, आणि कुर्ल्यास जुळविल्या जाणाऱ्या क्राइस्लरच्या गाड्यांची ती ख्यातीच होती. ह्याचें कारण असें. चाक फिरत असतां भाराची दिशा चाकाच्या दृष्टीनें सारखी फिरत राहते, आणि किंचित् सैल राहिलेला नट आपल्या खोबणींत घरंगळत हळूहळू एका अंगास फिरूं लागतो. उजव्या बाजूला तें फिरणें नटास आवळतें, डाव्या बाजूला तेंच त्यास सोडवितें. म्हणून डाव्या बाजूला आटेच उलटे पाडले कीं दोन्हींकडे नट आवळण्याच्याच बाजूला राहतो. पुढें नटांच्या बैठकींत सुधारणा झाल्यावर ही खबरदारी बहुतेकांनीं सोडून दिली. ज्यांस हें ठाऊक नाहीं, ते डावीकडचा नट सोडविण्याकरितां जीव खाऊन आवळतात, आणि शेवटीं स्टड तुटला म्हणजे लोखंडास नांवें ठेवितात. वास्तविक तेथें स्टडच्या टोकावर एक अक्षर कोरून डावा-उजवा भेद सांगितलेला असे. पण तें अक्षर गंजाखालीं झांकलेलें; तें पाहण्यासाठीं आधीं ब्रश मारावा लागतो. आम्हीं आयुष्यभर मुलांस शिकविलें कीं, उत्सर्गाहून अपवाद बलवान् असतो. व्याकरणांत अपवाद विसरला तर गुण जातात. येथें स्टड जातो.

दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं पाना लाविला. चांगल्या स्थितींतील मोठ्या मालमोटारीचा नटसुद्धां किती बळानें आवळलेला असतो ह्याची कल्पना हवी असेल तर अशी करावी : एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर साठ किलो वजनाचा मनुष्य उभा राहिला म्हणजे जेवढा पीळ बसतो, साधारण तेवढा. गंजलेल्यास त्याहून पुष्कळ अधिक. मिस्त्रींनीं पान्यावर लांब नळी चढविली, पण झटका दिला नाहीं. सावकाश भार टाकला, नट किंचित् हलला, लगेच उलट फिरवून पुन्हां तेल सोडलें, मग पुन्हां पुढें. दोन पावलें पुढें, एक मागें, अशा रीतीनें नट बाहेर आले. एक तेवढा निघाला नाहीं. त्याला छिन्नीनें चिरून काढावें लागलें. भाच्यानें विचारलें, "मामा, सगळेच चिरले असते तर काल घरीं गेलों असतों." मामा म्हणाले, "मग चाक कशावर बसवणार होतास ?" हमरस्त्यापर्यंत मोटार चाकांवरच जावयाची होती, हें तो विसरला होता.

नट निघाले तरी चाक हबाला धरूनच होतें. धड ब्रेकाच्या गाडींत ह्यावर एक सोपी युक्ति आहे : नट चार-पांच आटे परत चढवून सैल ठेवावे, गाडी जॅकवरून खालीं घ्यावी आणि दोन हात पुढें-मागें ढकलावी, गाडीचाच भार चाक सोडवितो. येथें ती चालण्यासारखी नव्हती. म्हणून नट तसेच सैल ठेवून, धुराखालीं भक्कम घोडी देऊन, टायराच्या आंतल्या अंगास लाकडाचा ओंडका लावून त्यावर घण घातला. एका जागीं दहा घाव नव्हेत, तर दहा जागीं एकेक. नट सैल कां होईना पण असावेच लागतात. नाहीं तर चाक एकाएकीं सुटून समोरच्या माणसाच्या पायांवर येतें.

तिसऱ्या दिवशींचा प्रसंग आमच्या चांगला लक्षांत राहील. एका बाजूचें चाक बाहेर आलें होतें, दुसऱ्या बाजूचें येत नव्हतें. भाच्यानें गॅसची ज्योत पेटविली आणि टायर चढविलेल्या चाकाच्या मध्यभागीं लावावयास निघाला. मिस्त्री दहा हात दूर चहा घेत होते. कप टाकून ते धांवले आणि नळी त्याच्या हातांतून हिसकावून घेतली. आम्हीं त्यांस तीन दिवसांत एकदांच रागावलेलें पाहिलें, तें हें. टायरासह चाक तापविलें तर आंतील हवा फुगते एवढेंच नव्हे. रबर आंतून जळूं लागून त्याचा ज्वालाग्राही वायु कोंडतो, आणि पेट घेतला म्हणजे टायर बाँबसारखा फुटतो. ज्योत बाजूला केल्यावर कांहीं वेळानेंही तसें घडूं शकतें. हवा काढून टाकली म्हणजे भीति गेली असेंही नाहीं. टायर चाकावरून उतरविल्यावांचून त्यास ज्योत लावूंच नये. त्या मुलाचें वय एकोणीस. त्यास हें कोणीं सांगितलें नसतें तर त्यांत त्याचा काय दोष ? आणि सांगणारा त्या वेळीं दहा हातांऐवजीं शंभर हात दूर असता तर आमच्या गल्लींत काय घडलें असतें, ह्याची कल्पना करवत नाहीं.

तें चाकही शेवटीं ओंडक्याच्या युक्तीनेंच निघालें, आणि ड्रम उघडे पडल्यावर मग ज्योतीचा उपयोग झाला. ड्रम हबावर घट्ट बसलेला असतो. बाहेरचा ड्रम आधीं तापतो, आंतला हब मागाहून; त्या अवधींत ड्रमाचें भोंक किंचित् मोठें होतें. किती मोठें ? दोनशें मिलिमीटर व्यासाच्या भोंकाचें तपमान हबापेक्षां शंभर अंशांनीं वाढलें तर सुमारें पाव मिलिमीटर. ऐकावयास क्षुल्लक, पण गंजाची पाचर सैल होण्यास तेवढें पुष्कळ असतें. आमच्या पिढीनें लहानपणीं गांवीं बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितांना पाहिली आहे. लोहार ती तांबडी होईपर्यंत तापवी, चाकावर बसवी आणि वर पाणी ओती. धाव आकसून लाकडास मिठी मारी. बसवितांना जी विद्या, तीच काढतांना उलट लाविली. ड्रमाला दोन भोंकें आटे पाडलेलीं असतात. त्यांत बोल्ट घालून आळीपाळीनें आवळले म्हणजे ते हबास रेटून ड्रमाला बाहेर ढकलतात. ड्रम ओतीव लोखंडाचा. त्याच्या काठावर घण मारला तर त्याला तडा जातो. आणि शू आधीं पुरते मागें घेतले नाहींत तर झिजलेल्या ड्रमाच्या आंतल्या कडेस जो ओठ उरतो त्यांत ते अडकतात. मग बाहेरून कितीही ओढा.

ड्रम उघडल्यावर आंत काळी धूळ होती. ती फुंकून उडविण्याऐवजीं मिस्त्रींनीं पाणी शिंपडून ओल्या फडक्यानें पुसली. जुन्या ब्रेकांच्या अस्तरांत अस्बेस्टॉस वापरीत, आणि त्याची धूळ फुप्फुसांत शिरून असाध्य रोग जडतात. शू घासून, सगळें परत जुळवून, त्या सायंकाळीं मोटार सहा माणसांनीं हातानें लोटीत हमरस्त्यावर नेली.

येथें गोष्ट संपावी. पण मजुरीचा प्रश्न उरला. सोसायटीच्या सभेंत एक उच्चशिक्षित सभासद म्हणाले कीं, काम खरें म्हणजे पांच-सहा तासांचें. उरलेला वेळ मिस्त्री बसून होते, तेव्हां तीन दिवसांची मजुरी कशाची? दुसरे म्हणाले, "तेल लावण्याचेही पैसे !" आम्हांस उठून बोलणें प्राप्त झालें. आम्ही एवढेंच म्हणालों कीं, वकिलाच्या फीचा हिशेब आपण त्याच्या बोलण्याच्या मिनिटांवर करीत नाहीं, आणि वैद्याच्या मात्रेचें वजन करून दाम देत नाहीं. पहिल्या दिवशीं दोर लावून ओढण्यास आपण दहा मिनिटें घेतलीं. त्यांत दोर तुटला आणि रस्ता खरवडला. घणाचे घाव दिसतात, म्हणून आपण ते मोजतों. थांबणें दिसत नाहीं, म्हणून त्याला कांहीं किंमत नाहीं असें समजतों. कोठें मारावें हें जसें ज्ञान, तसें केव्हां मारूं नये हेंही ज्ञानच. आणि ज्योत हिसकावून घेणारा तो एक क्षण तीन दिवसांच्या मजुरींत बसविला तर ती मजुरी फारच स्वस्त पडली. सभेनें पूर्ण रक्कम मंजूर केली.

ह्या प्रसंगाहून वाचकांनीं दोन गोष्टी घ्याव्या. पहिली घरगुती आहे. मालमोटार आपल्या घरीं नसेल, पण मोटार आतां पुष्कळांकडे आहे, आणि तिचा हँड ब्रेकही ह्याच रीतीनें अडतो. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, तेव्हां कित्येक गाड्या महिनोन् महिने उभ्या राहिल्या आणि निघतेवेळीं मागचीं चाकें फिरेनात. गाडी पावसाळ्यांत फार दिवस उभी ठेवावयाची असेल तर सपाट जागा पाहून ती गिअरांत ठेवावी, चाकांस ठोकळे लावावे आणि हँड ब्रेक सैल सोडावा. आठवड्यांतून एकदां तरी ती चार पावलें हलवावी. धुतल्यावर किंवा पाण्यांतून आल्यावर ब्रेक हलके दाबीत थोडी चालवावी, म्हणजे ते सुकतात. चाक काढण्याचा प्रसंग येईल तेव्हां हबाची बैठक ब्रशानें साफ करून तेथें वंगणाचा पातळ हात फिरविण्यास मिस्त्रीस सांगावें. ब्रेकाच्या अंगास मात्र वंगणाचा स्पर्श होऊं देऊं नये. गाडी पुरांत सांपडली तर ड्रम उघडून धुण्यास विलंब लावूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतील असंख्य वाहनें चिखलपाण्यांत उभीं राहिलीं. तसा दिवस पुन्हां येणार नाहीं असें कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट मुलांविषयीं आहे. आपल्या घरांत एखादा मुलगा पुस्तकांत रमत नाहीं, पण बिघडलेलें यंत्र दिसलें कीं त्याचे हात शिवशिवतात. आपण त्यास हिणवितों; पुन्हां पुन्हां त्याच परीक्षेस बसवितों; जोर लावा म्हणतों. दहावीनंतर शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा आणि मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मुलुंडासही अशी संस्था आहे. तेथें ज्योत कोठें लावूं नये हें शिकवावयास गुरु असतो, आणि तें कळण्यासाठीं कोणास दैवावर भिस्त ठेवावी लागत नाहीं. मिस्त्रींच्या भाच्यानें तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं आम्हांस विचारलें, "मास्तर, दहावीचा फॉर्म अजून भरतां येईल का ?" गणित आणि इंग्रजी, एवढे दोनच विषय त्याचे राहिले आहेत. दर रविवारीं सकाळीं तो भांडुपहून येतो. अपूर्णांक पक्के झाले आहेत. समीकरणांशीं सध्यां झटापट चालू आहे.